कविता कोणी लिहिली?

भिलाई हे पोलादाचे शहर. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली, आणि त्यानंतरच्या काळात कारखान्याच्या निमित्ताने देशभरातून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. आज त्यांची तिसरी पिढी महाविद्यालयात शिकते. तिचे शिक्षण हिंदी व इंग्रजीतून झाले, मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि आजीच्या प्रार्थनेत. याच शहराच्या नावाची आयआयटीही २०१६ मध्ये सुरू झाली. संगणक तेथील तरुणांना परका नाही.

समजा, अशा एका विद्यार्थ्याला तरुण संघाने नाताळसाठी मराठी कविता लिहावयास सांगितली. त्याने चॅटजीपीटीला विषय दिला आणि अर्ध्या मिनिटात यमकबद्ध सोळा ओळी हाती आल्या. गव्हाण, तारा, मेंढपाळ, सारे जागच्या जागी. यात काही पाप घडले काय?

परीक्षेत किंवा स्पर्धेत मनाई असताना असे केले तर ते खोटे बोलणे होय, त्यावर चर्चा नको. कठीण प्रश्न पुढचा आहे. कोणताही नियम मोडला नाही, आणि त्या मुलाने व्यासपीठावरून प्रांजळपणे सांगितले की, ‘ओळी यंत्राच्या आहेत’. मग बिघडले कोठे?

दुसऱ्याच्या हाताने लिहिणे हा दोष नव्हे. यिर्मया सांगत गेला आणि बारूखाने लिहिले. रोमकरांस पत्र तर्तियाने लिहून घेतले व शेवटी स्वतःचा सलामही त्यात घातला. परंतु बारूखाने यिर्मयाला विचारले नव्हते की, ‘आज परमेश्वराकडून काय आले असे लिहू?’ बोलणारा आधी होता, लेखणी नंतर आली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आलेले हे यंत्र मात्र लेखनिक नव्हे. पूर्वी लिहिल्या गेलेल्या अफाट मजकुरावरून, पुढे कोणता शब्द येणे अधिक संभवनीय आहे याचा ते हिशेब करते. त्याला नाताळ ठाऊक नाही, नाताळविषयी लोक बहुधा काय लिहितात ते ठाऊक आहे.

भाषांतराच्या क्षेत्रातही आज यंत्राचे कच्चे मसुदे वापरले जातात, आणि मी त्यांना विटाळ मानत नाही. कारण आमच्या मेजावर मूळ संहिता उघडी असते. मसुदा कितीही गोड वाटला, तरी हिब्रू किंवा ग्रीक वाक्य त्याला आडवे येते, चूक दाखवते. एखाद्या शब्दासाठी चार दिवस जातात. विद्यार्थ्याच्या कवितेची मूळ संहिता कोठे असते? त्याच्या स्वतःच्या अंतःकरणात, आणि तीही अजून पुरती लिहिलेली नसते. ती लिहिली जाते शब्द शोधता शोधताच. तत्पूर्वीच तयार ओळी समोर आल्या, तर तो त्या कशाशी ताडून पाहणार? तो म्हणेल, ‘अगदी हेच मला म्हणायचे होते’. त्याला खरोखर काय म्हणायचे होते, ते मात्र त्याला कधी कळणारच नाही. माझ्या मते चोरीपेक्षा ही हानी मोठी आहे, कारण हिच्याविरुद्ध तक्रार करणारा कोणी उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, माणसे तरी दुसरे काय करतात? प्रश्न योग्य आहे. १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी ओवी मराठी संतांच्या अंगणातूनच घेतली. भिलाईपासून फार दूर नसलेल्या राजनांदगावच्या वाटेवर, आगगाडीत, एका मिशनऱ्याने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. पुढे १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१९ साली ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा अशी लाभलीच नव्हती आणि वाचणे लग्नानंतर आले होते. कथा शुभवर्तमानाची, आराखडा पतीचा, ओवी परंपरेची. सारेच उसने! तरीही ते अध्याय लक्ष्मीबाईंचेच आहेत, कारण प्रत्येक ओवीपाशी ‘हे असे नव्हे, असे’ म्हणणारी एक बाई बसलेली होती. उसने घेण्यात उणेपणा नाही. निवड करणारे कोणी नसणे, हा उणेपणा आहे.

अरवना यबूसीने दाविदाला खळे, बैल, लाकडे सारे फुकट देऊ केले होते. दाविदाने पन्नास शेकेल रुपे मोजले, फुकटचे होमार्पण परमेश्वराला वाहण्यास तो तयार झाला नाही. येथे आपल्यातील कोणी विचारील, तारण कृपेने विनामूल्य मिळते, मग कवितेसाठीच कष्टांचा आग्रह का? कष्टांनी देव विकत घेता येत नाही, हे खरेच. पण कृपा ही घेण्याची गोष्ट आहे आणि अर्पण देण्याची. देणारा स्वतः तेथे हजर नसेल तर वेदीवर काय ठेवले गेले?

मग भिलाईच्या त्या मुलाने काय करावे? चारच ओळी लिहाव्यात. त्यांत हिंदी येऊ द्यावी, छत्तीसगढी येऊ द्यावी. अडलेला शब्द आजीला विचारावा. आजी नसेल तर शब्दकोशासारखा यंत्राला विचारण्यासही माझी हरकत नाही. यमक चुकेल, चुकू द्यावे.

आणि दोष केवळ त्याच्या माथी मारू नये. गुळगुळीत कवितेला टाळ्या आणि अडखळत्या कवितेला कुजबुज, हे आपणच केले आहे. आपल्या काव्यस्पर्धांत शुद्ध भाषेला इतके गुण असतात की, घरची मोडकी मराठी बोलणारे मूल आधीच हरलेले असते. येत्या नाताळाची गुणपत्रिका ठरवताना त्यांतील थोडे गुण काढून, ‘ही ओळ तुला कशी सुचली?’ या एका प्रश्नासाठी राखता येतील काय, याचा विचार मंडळीच्या समित्यांनी अवश्य करावा.