स्थापित क्षमता आणि पुरेसेपणा

पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेल्या शहरात ‘स्थापित क्षमता’ हा शब्दप्रयोग केवळ अभियंत्यांचा राहत नाही. भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टन ही आरंभीची क्षमता पुढे पंचवीस लाख टनांवर आणि त्यानंतर चाळीस लाख टनांवर नेण्यात आली. क्षमता किती आणि तिच्यापैकी प्रत्यक्षात उतरली किती, हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडून वर्षाचा हिशेब करण्याची सवय अशा गावाला लागते. माणसाच्या घरातील वस्तूंनाही हेच दोन आकडे लागू पडतात. फरक इतकाच की, तेथे दुसरा आकडा लिहून ठेवण्याची कोणाची इच्छा नसते.

याच शहरातील एक साधे उदाहरण घेता येईल. कोहका ही भिलाईतील, सेक्टरांच्या आखीव नगरीबाहेरची वस्ती. एके काळचे खेडे, आता शहरात मिसळून गेलेले. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून इकडे आलेल्या मराठी कुटुंबांची पुढची पिढी या शहरात नांदते आहे. अशा एखाद्या कुटुंबातील पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ कल्पावा. त्याच्या अंगणात ‘हिमालयन’ ही २०१६ साली बाजारात आलेल्या जातीची ४११ सीसीची मोटारसायकल उभी आहे. वजन दोनशे किलोला टेकलेले, टाकी पंधरा लिटरची, नाव साक्षात पर्वतराजाचे. घेताना मनात लडाख होते. प्रत्यक्षात ती गेली नागपूरला सणावारी, डोंगरगडला देवीच्या दर्शनाला, एकदा केशकाळच्या घाटात, आणि दोनतीनदा दल्ली-राजहराच्या तांबड्या धुळीत. आता गुडघा कुरकुरू लागला आहे. अंगणातील उतारावरून गाडी मागे ओढताना दम लागतो. आणि एकदा ती चालत नसताना, उभ्याउभ्याच आडवी होऊन पडली, ती उचलायला शेजाऱ्याला हाक मारावी लागली. म्हणून ‘एक्सपल्स’ ही २०१९ साली आलेली, दोनशे सीसीच्या आतबाहेरची आणि दीडशे किलोंहून थोडी वर भरणारी मोटारसायकल चालवून पाहावी, पटल्यास जुनीच्या जागी आणावी, या विचाराने तो शोरूमच्या दारात उभा आहे.

हा बाजारहाटाचा प्रश्न झाला. त्यात नीतीचा प्रश्न कोठे आला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु जी निवड करताना माणसाला स्वतःविषयी साक्ष द्यावी लागते ती निवड नुसती बाजारहाटाची उरत नाही. मोठे वाहन घेताना ही साक्ष भविष्यकाळात दिली जाते, म्हणून सोपी असते: ‘जाईन.’ लहान वाहन त्याच्या जागी आणताना तीच साक्ष भूतकाळात द्यावी लागते: ‘गेलो नाही.’

अशी चाचणी हीच मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टीने तशी अलीकडची गोष्ट आहे. परवाना-पद्धतीच्या काळात पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे, कधीकधी दहा-दहा वर्षे थांबावे लागे. ज्याचा नंबर लागला तो ‘ही मला झेपेल का, शोभेल का’ असे विचारीत नसे. मिळाली, हेच सर्व प्रश्नांचे उत्तर होते. हार घातला जाई, पेढे वाटले जात. पुरेसे काय, हे टंचाईने परस्पर ठरवून टाकलेले असल्यामुळे ते ठरविण्याची नैतिक जबाबदारी कोणावर येतच नव्हती. त्या काळातील मराठी जीवनात चाचणी-फेरीला जवळचा असा एकच प्रकार होता, आणि तो म्हणजे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम: कांदेपोह्यांची बशी, दहा मिनिटे, दोन्ही पक्ष आपापल्या उत्तम कपड्यांत, आणि तेवढ्यावर जन्माचा निर्णय. तुलना कोणालाच भूषणावह नाही. पण चुकीचीही नाही.

कारण शोरूमची फेरी मुख्यतः काय लपविते, हे पाहण्यासारखे आहे. चारपाच किलोमीटरचा सपाट डांबरी रस्ता, पाठीवर ओझे नाही, मागे कोणी बसलेले नाही, ऊन उतरलेले. जड वाहनाचा दोष ते थांबलेले असताना प्रकट होतो. एकदा गती आली की त्याचे वजन जणू वितळून जाते. हलक्या वाहनाचा दोष नेमका उलट ठिकाणी असतो. गावातील गर्दीत ते लाघवी वाटते, पण समोरून वारा असताना, ताशी नव्वदच्या गतीने, रायपूर-नागपूर महामार्गावरचा भरलेला ट्रक शेजारून जातो तेव्हा त्याचे हलकेपण ध्यानात येते. अठराच्या आसपासची अश्वशक्ती शहरात भरपूर, घाटात पुरेशी आणि ओव्हरटेक करताना मोजून वापरावी लागणारी अशी असते. म्हणजे दोन्ही वाहनांचे खरे दोष चाचणीच्या रस्त्याबाहेरच राहतात. शिवाय तुलना नव्या कोऱ्या वाहनाशी केली जाते. त्याची साखळी ताणलेली, टायर ताजे, शॉक अॅब्सॉर्बर कुरकुरत नसलेले. घरचे वाहन मात्र कित्येक हजार किलोमीटरांची झीज अंगावर वागविते. पुष्कळदा माणसाला लहान वाहन आवडलेले नसते, नीट निगा राखलेले वाहन आवडलेले असते; आणि त्यासाठी नवे वाहन घेण्याऐवजी जुन्याची दुरुस्ती केली तरी भागण्यासारखे असते. यात आणखी एक गंमत आहे. ‘लहान’ म्हणून पाहायला गेलेल्या या मोटारसायकलची बैठक जमिनीपासून ८२३ मिलिमीटर, तर ‘मोठी’ म्हणून नकोशी झालेल्या हिमालयनची ८०० मिलिमीटर. ज्याचा गुडघा दुखतो त्याला वजनाइतकाच हा तेवीस मिलिमीटरांचा फरकही जाणवतो. लहानमोठेपणा ही वस्तूची एकसंध अवस्था नसून ती अनेक मापांत विखुरलेली असते, हे तत्त्वज्ञाच्या आधी पायांच्या बोटांना कळते.

तथापि प्रश्नाचा गाभा मापांत नाही. न वापरलेल्या क्षमतेचे मूल्य काय, हा तो गाभा आहे. कारखान्याच्या बाबतीत उत्तर तुलनेने सोपे आहे. झोतभट्टी ही चुलीसारखी हवी तेव्हा विझवावी आणि हवी तेव्हा पेटवावी अशी वस्तू नव्हे. ती थंड पडू दिली तर आतल्या अग्निरोधक विटांच्या अस्तराला इजा पोहोचते, म्हणून मागणी घटली तरी ती धगधगती ठेवावी लागते. राखीव सामर्थ्य फुकट मिळत नाही. त्याची रोजची किंमत मोजावी लागते. अंगणातील दोनशे किलोंचेही तसेच आहे. लडाखसाठी घेतलेले वजन दररोज दूध आणि भाजी आणतानाही उचलावे लागते.

पण माणूस म्हणजे कारखाना नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो बिनतोड आहे. ग्रंथप्रेमी माणसाच्या कपाटातील निम्मी पुस्तके न वाचलेली असतात. त्यांतली बरीचशी वाचली जाणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते. तरीही ती विकून टाकण्याचा सल्ला देणारा मनुष्य त्याला शहाणा वाटत नाही, कारण न वाचलेले पुस्तक हे त्याच्या मनाचे एक उघडे दार असते. मोठी मोटारसायकल हेही असेच एखादे दार असू शकते. जो कधीही लडाखला गेला नाही, पण जाऊ शकतो या भावनेने तीस वर्षे कारखान्याच्या पाळ्या करीत राहिला, त्याच्या त्या भावनेला भ्रम म्हणून मोडीत काढणे हे हिशेबनिसाचे नीतिशास्त्र होय. उपयोगितेचा तराजू घेऊन बसलेल्यांना या बाजूचे वजन कधीच नीट करता आलेले नाही.

मग भेद कोठे करावा? न वाचलेले पुस्तक वाचत असलेल्या पुस्तकाच्या आड येत नाही. न केलेला प्रवास मात्र करता येण्याजोग्या प्रवासाच्या आड येऊ शकतो. भिलाईहून राजनांदगाव काही फार दूर नाही. घरची भाषा मराठी असून हिंदीत कविता लिहिणाऱ्या गजानन माधव मुक्तिबोधांनी १९५८ पासून जेथे अध्यापन केले ते दिग्विजय महाविद्यालय तेथे आहे. रविवारी सकाळी निघावे, महाविद्यालयाजवळच्या तळ्याकाठी बसावे आणि उन्हे चढायच्या आत परत यावे, इतकी ही सोपी फेरी. कोहक्याच्या या कल्पित गृहस्थाला तिचीही आवड आहे. परंतु गाडी बाहेर काढणे, उतारावर वळविणे, परत आल्यावर ती आत ढकलणे यांच्या धास्तीने गेल्या वर्षभरात तो एकदाही गेलेला नाही. दूरच्या शक्यतेने येथे जवळची शक्यता खाल्लेली आहे. ही अवस्था आली की मोठे वाहन उघडे दार उरत नाही. ते दाराला आतून लावलेला अडसर होते, आणि त्याला स्वप्न म्हणत राहणे हा स्वप्नावरच अन्याय ठरतो.

अर्थात याचा निष्कर्ष ‘मध्यम तेच उत्तम’ असा काढणे घाईचे होईल. बाजाराला हा निष्कर्ष फार प्रिय आहे. फार मोठे नको, फार लहान नको, म्हणून मधले घ्या, असे तो सांगतो. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मध्याचा विचार करताना नेमकी हीच चूक टाळली आहे. अन्नाचे दहा भाग एखाद्याला जास्त आणि दोन भाग कमी होत असतील, म्हणून कसरत शिकविणारा गुरू सर्वांना सहा भाग नेमून देत नाही. मिलो या प्रसिद्ध मल्लाला सहा भाग अपुरे पडतील आणि नवशिक्याला तेच अजीर्ण होतील. वस्तूचा मध्य गणिताने काढता येतो, माणसाचा मध्य त्या माणसाकडे पाहूनच काढावा लागतो. आणि माणूस बदलतो. चाळिशीत जे योग्य होते ते पन्नाशीनंतर अतिरेकाचे ठरले, म्हणून चाळिशीतला निर्णय चुकीचा होता असे मुळीच सिद्ध होत नाही. लहान वाहनाकडे वळणाऱ्याला पराभवाची जी बोचणी लागते तिचे मूळ बहुधा या गफलतीत असते: आजच्या मापाने तो कालच्या स्वतःला तोलू लागतो.

या बोचणीवर एक लोकप्रिय उतारा आहे, आणि तो धोक्याचा आहे. लोइस प्राइस ही इंग्रज स्त्री अवघ्या २२५ सीसीच्या यामाहावर बसून अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेली. रॉबर्ट पर्सिग यांनी १९६८ साली मुलाला मागे बसवून जो प्रवास केला, आणि ज्यातून त्यांचा १९७४ चा सुप्रसिद्ध ग्रंथ निर्माण झाला, तोही जेमतेम ३०५ सीसीच्या होंडावर. ही उदाहरणे खरी आहेत आणि इंजिनाच्या आकाराने अंतर ठरत नाही, हे ती निर्विवादपणे दाखवितात. पण ती ज्या स्वरात सांगितली जातात तो स्वर पुष्कळदा विनयाचा नसतो. ‘आम्हांला लहान पुरते’ हे वाक्य बोलता बोलता ‘तुम्हांला मोठे लागते’ असे होऊन बसते. त्यागाचा अहंकार भोगाच्या अहंकाराहून सूक्ष्म असतो, हे मराठी संतपरंपरेला चांगले ठाऊक होते. भगव्या वस्त्रांचा बडेजाव करणाऱ्यांवर तिने संसारी माणसाहून अधिक कोरडे ओढले आहेत. दोनशे सीसीवर बसून साधेपणाची मिरवणूक काढायची असेल तर चारशे सीसी काय वाईट?

आतापर्यंतच्या सर्व विवेचनात एक व्यक्ती सतत अनुपस्थित राहिली, आणि ती अनुपस्थिती केवळ या उदाहरणातली नाही. नागपूरला सणावारी जाताना मोटारसायकलवर माणसे दोन असतात. पुरेसेपणाची चर्चा, मग ती तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातली असो की शोरूममधली, बहुतेक वेळा एकट्या पुरुषाला समोर ठेवून होते. त्याचा गुडघा, त्याचे स्वप्न, त्याचा पराभव, त्याचा विनय. मागे बसणारीने अडीचशे किलोमीटर ज्या बैठकीवर काढायचे तिची रुंदी, हाताला धरायला काय आहे, पाय कोठे टेकतात, साडी कोठे अडकते, पिशव्या कोठे बांधायच्या, हे सारे तिच्या दृष्टीने सीसी आणि अश्वशक्ती यांहून निकडीचे असते. आणि शक्ती कमी झाली की तिचा वाटा दोघांत विभागला जातो, हे चालविणाऱ्याला फेरीत कळत नाही, कारण त्या फेरीत मागची बैठक रिकामी असते, नाहीतर तिच्यावर शोरूममधला पंचावन्न किलोंचा पोरगेला मदतनीस बसलेला असतो. तिला मोठे वाहन सुरक्षित वाटत होते की त्याचे कोसळणे पाहून ती धास्तावली होती. लडाख तिच्याही मनात होते की ते कधी तिच्या कानांवर नीट घातलेच गेले नव्हते. या प्रश्नांची उत्तरे तिच्याखेरीज कोणी देऊ शकत नाही, आणि ती मिळाल्याशिवाय ‘पुरेसे’ हा शब्द अर्धाच राहतो.

तेव्हा कोहक्याच्या त्या गृहस्थाला दुसरी फेरी मागावी लागेल. ती दोघांनी मिळून, नागपूरच्या वाटेवर नेहमी असतात तेवढ्या पिशव्या घेऊन, आणि गल्लीबोळांतून न फिरता महामार्गाच्या दिशेने मारावी लागेल. त्या आधी घरच्या गाडीची साखळी आणि टायर पाहून घ्यावे लागतील, म्हणजे तुलना दोन वाहनांची होईल. आणि परत आल्यावर प्रथम कोणी बोलावे, हे निघण्यापूर्वीच ठरविलेले बरे.