एकोणीस एक

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचं आकड्यांवर प्रेम असतं, हा लोकांचा गैरसमज आहे. हलवाई पेढे खातो का? संध्याकाळी हिशेब जुळला की आम्ही सुटलो. आकडा स्वभावानं कसा आहे, ही चौकशी आम्ही करीत नाही.

ती करायची वेळ आणली कन्येनं. बारावी झाली आणि म्हणाली, "बाबा, मी गणितात बी.एस्सी. करणार."

मी पडलो बी.कॉम. साहजिकच विचारलं, "उपयोग काय?"

उत्तर न देता तिनं एक चिठ्ठी पुढं केली. तीवर ओळीनं एकोणीस वेळा १ लिहिलेला. "ही मूळ संख्या आहे. हिला १ आणि ती स्वतः, यांखेरीज कुणीही भागू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना गाडीत मी चिठ्ठी काढली. तीन एक घेतले, तर १११ म्हणजे ३ गुणिले ३७. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. मूर्तिजापूर येईस्तोवर सात एकांशी झुंजलो. ते २३९ गुणिले ४६४९ निघाले. (हे रात्री मुलीनं सांगितलं.) अकरा, तेरा, सतरा, सगळे एक असेच फुटतात. दोन एकांचे ११ सोडले, तर न फुटणारे थेट हे एकोणीस!

समोरचे सरकीचे व्यापारी डोकावले. "साहेब, हे एकापुढं एक कायले मांडून राह्यले? याले व्याज लागते का?"

प्रश्न अस्सल वऱ्हाडी, म्हणजे बिनतोड. देवळालीच्या शाळेतले द. रा. कापरेकर मास्तर (१९०५–१९८६) अशाच एकांच्या रांगा मांडून त्यांचे वर्ग करीत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. जिना चढावा आणि उतरावा तसा. अशा संख्यांना त्यांनी 'डेमलो' हे नाव दिलं, तेही एका रेल्वे स्टेशनावरून. वर पदरमोड करून पुस्तिका छापल्या. व्याज सोडा, मुद्दलही गेलं असणार.

त्याच आठवड्यात बँकेतल्या संगणकवाल्या मुलानं मला चाट केलं. १९७७ साली अमेरिकेत तिघांनी मूळ संख्यांचं कुलूप शोधलं म्हणे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं. पण गुणाकार पाहून त्या दोघी शोधणं महाकर्मकठीण. गिऱ्हाइकांचे व्यवहार अशा कुलपांच्या भरवशावर चालतात. म्हणजे ज्यांना मी हसत होतो, त्याच आमच्या तिजोरीवर पहारा देत होत्या!

मी विजयी मुद्रेनं घरी आलो. "घे गणित! उपयोग आहे!"

"बाबा, त्या कुलपाला तीनतीनशे अंकी संख्या लागतात," ती म्हणाली. "ही एकोणीस अंकी तिथं कुचकामी. हिचा काहीएक उपयोग नाही." मग जरा थांबून, "आणि कुलूप निघालंच नसतं, तर तुम्ही नाही म्हणाला असतात?"

असतो म्हणालो. चोवीस तासांपूर्वी म्हणालोच होतो की! आमची ही आतून भाकऱ्या थापत होती. तो आवाजही थांबला.

मी अर्ज मागितला. 'पालकाची सही' असं छापलं होतं तिथं सही केली. ती नेहमीसारखी आली नाही. चेकवर असती, तर मीच परत केली असती.