कोणाची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत बातमीसाठी हिंडायचे, तेव्हा माझ्यासाठी लोकांकडे शब्दांची चंगळ होती. पारावरची म्हातारी माणसं 'पेपरवाली बाई' म्हणत. सरपंच 'मॅडम' म्हणे, कार्यकर्ते 'ताई'. तहसील कचेरीतला एक बाबू मला ऐकू जाईल अशा बेतानं 'पत्रकारीण' म्हणायचा आणि त्यातल्या 'ईण'वर जरा रेंगाळायचा. बातमी मात्र छापून यायची 'आमच्या प्रतिनिधीकडून'. त्या ओळीत मी बाईही नव्हते नि बुवाही नव्हते. यातलं माझं नाव कोणतं, हे शोधायला मी व्याकरणात शिरले आणि निघाले महाभारताच्या शांतिपर्वात.

'ईण' हा मोठा लबाड प्रत्यय आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, पाटीलकी करणारी बाई नव्हे. कुंभारीण माती मळते, मडकी बाजारात नेऊन विकते, तरी नाव नवऱ्याच्या धंद्यावरून. मास्तरीण म्हटलं तर शाळेत शिकवणारी की मास्तरांच्या घरची, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. संस्कृत व्याकरणात हा घोळ नाही. स्वतः शिकवते ती आचार्या, आचार्यांची पत्नी ती आचार्यानी. ही काय करते आणि ही कोणाची, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सुलभेची गोष्ट सांगतात. सुलभा ही एकटी हिंडणारी भिक्षुकी. मिथिलेचा राजा जनक संसारात राहून मुक्त झाला आहे असं तिच्या कानावर येतं, आणि ती खातरजमा करायला थेट दरबारात जाते. (ऐकीव गोष्ट जागेवर जाऊन तपासणं, याला आमच्यात बातमीदारी म्हणतात.) योगबळानं ती राजाच्या चित्तात शिरते. राजा बिथरतो आणि विचारतो, तू कोण, कुठली, कोणाची?

सुलभा लगेच उत्तर देत नाही. बोलणं कसं असावं, हे ती आधी सांगते. त्यात सौक्ष्म्य, संख्या, क्रम, निर्णय आणि प्रयोजन असावं. म्हणजे बारीक भेद ओळखावा, गुणदोष मोजावेत, आधी काय नि नंतर काय ते ठरवावं, निष्कर्षाला यावं आणि हे सगळं कशासाठी ते माहीत असावं. डेस्कवर नव्या पोरांना मी वर्षानुवर्षं याहून वेगळं काही शिकवलं नाही. मग ती मुद्द्यावर येते. तुझा देह ज्या तत्त्वांचा, त्याच तत्त्वांचा माझा. दिव्याच्या ज्योतीसारखा तो क्षणोक्षणी बदलतो. त्यात कोण कोणाचं? आणि माझं-तुझं सुटलं असं म्हणवणारा तू, 'कोणाची' हे विचारतोसच कसा? यावर राजाला काही बोलता आलं नाही, असं भीष्म सांगतात.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी हेच मराठीत विचारलं. बायकांना कमी लेखणाऱ्याला त्यांचा सवाल होता, की तुमचा तेवढा जीव आणि यांची काय 'जीउली'? आत्म्याला 'ईण' लावून दाखवा, म्हणजे मामला संपला.

माझा मात्र संपत नाही. सुलभेचं म्हणणं पुरतं मानलं तर 'आमच्या प्रतिनिधीकडून' हीच सर्वांत शुद्ध ओळ ठरते. देह नसलेला साक्षी! सांख्य तत्त्वज्ञांनीही पाहणारा वेगळा काढला. त्याचं नाव 'पुरुष' ठेवलं, ते असो. पण पाहायला देह लागतो, आणि देह पाहून दारं उघडतात किंवा बंद होतात. कर्जापायी शेतकऱ्यानं जीव दिलेल्या एका घरी आम्ही चौघं वार्ताहर गेलो होतो. अंगणात दीर आणि गावकरी सावकाराचा, बँकेचा हिशेब सांगत होते. बाकीचे तिघं तेच लिहून घेत होते. एवढ्यात आतून कोणी तरी म्हणालं, "बाई, तुम्ही आत या." चुलीपाशी बसून त्या बाईनं जे सांगितलं ते अंगणातल्या हिशेबात नव्हतं. बचत गटाचं कर्ज तिच्या नावावर होतं, डोरलं गहाण पडलं होतं, आणि हे दिराला कळू द्यायचं नव्हतं. ती साक्ष प्रतिनिधीला मिळाली नाही, बाईला मिळाली. छापताना मी तिचं डोरलं वगळलं. तोही निर्णय कोणी घेतला, प्रतिनिधीनं की बाईनं, मला सांगता येणार नाही.

तेव्हा बाईपण पुसून टाका म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुसलं की तिथं नवऱ्याचं नाव येऊन बसतं, हे आपण पाहिलंय. छायाचित्रकार होमाई व्यारावालांची सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशांच्या नावानं छापून यायची. डोळा होमाईंचा, नाव माणेकशांचं. तानूबाई बिर्जे यांनी पती वासुदेवरावांच्या निधनानंतर 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवलं, तरी आजही त्यांची ओळख वासुदेवरावांपासून सुरू होते. 'कोणाची'चं उत्तर आधी, 'काय केलं' ते मागाहून.

पण म्हणून 'महिला पत्रकार' ही पाटी गळ्यात घालून हिंडायलाही मी तयार नाही. अधिस्वीकृतीच्या यादीत बायका किती, रात्रपाळीच्या गाडीचं काय, हे विचारताना तो शब्द हवाच, तिथं मी तो ठासून वापरते. एरवी मराठी क्रियापद आपलं काम चोख करतं. 'पत्रकार म्हणाल्या' एवढ्यात सगळं आलं.

व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावामागे 'महिला पत्रकार' दिसलं, की मी संयोजकांना फोन लावते आणि विचारते, बाकीच्या वक्त्यांपुढे 'पुरुष' छापायचं राहिलं का हो? बहुतेक जण हसून सोडून देतात. एका उत्साही चिटणिसानं मात्र खरंच दुरुस्ती करून पत्रिका नव्यानं छापली. 'ज्येष्ठ पुरुष पत्रकार' म्हणून ज्यांचं नाव आलं, ते गृहस्थ कार्यक्रमाला आले नाहीत. अपमान झाला म्हणाले.