कोणते जाधव?

मुंबईत जात कुणी विचारत नाही, असं सांगणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना कधी कुणी विचारलेली नसते.

मला विचारतात. पण गावासारखं नाही. गावात पाटील सरळ म्हणायचा, "कुणाचा रं तू?" आणि बापाचं नाव सांगितलं की बसायची जागा ठरायची. शहर शिकलेलं आहे. ते आधी पूर्ण नाव विचारतं. जाधव म्हटलं की क्षणभर थांबतं. कारण जाधव, मोरे, पवार, गायकवाड, शिंदे मराठ्यांत आहेत आणि आमच्यातही आहेत. मग दुसरा प्रश्न येतो, "कोणते जाधव?" जसा काही जाधव म्हणजे तांदूळ आहे, आंबेमोहोर का कोलम ते सांगायला पाहिजे. मग गाव कुठलं, गावात घर कुठल्या आळीला, कुलदैवत कोणतं, घरी गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा, आणि शेवटी अगदी सहज, "नॉनव्हेज चालतं ना?" एकेक प्रश्न घेतला तर निरुपद्रवी. सगळे मिळून एकच प्रश्न. आपल्या पोलिसांनी अॅट्रॉसिटीचे तपास इतक्या चिकाटीने केले असते तर निम्मे गावगुंड आज आत असते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचं गोडवे गाणाऱ्यांना सुनावलं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, असा त्यांचा रोख होता. आमची बापं त्याच्या आधीच गाव सोडून गिरणीत, गोदीत, रेल्वेत आली होती. शहराने त्यांना काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. विरार फास्टमध्ये सकाळी आठ वाजता शिवाशिव पाळायची म्हटली तर माणसाला टपावर बसावं लागेल. माझा घाम त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याला लागतो, त्याचा श्वास माझ्या मानेवर येतो, आणि दोघंही जिवंत दादरला उतरतो. पण तोच माणूस संध्याकाळी घरी जातो, तेव्हा त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असतो. तो कामवाल्या बाईचा. गर्दीने स्पर्शाचा प्रश्न सोडवला. खोलीचा सोडवला नाही.

नव्या यंत्रांचीही गंमत आहे. चहावाल्याला फोनवरून दहा रुपये दिले की त्याच्या फोनवर माझं आडनाव उमटतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. फक्त आता कुणी समतानगरात राहतो म्हटलं की पुढचे प्रश्न विचारायची गरजच राहत नाही. समता कुठे राहते हे सगळ्यांना ठाऊक झालंय! आणि ही चेष्टेवारी न्यायची गोष्ट नाही. २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून भांडण काढून एका तरुण पोराला मारून टाकलं. ओळख पटणं ही काही ठिकाणी जिवावरची गोष्ट आहे.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. लिहायचं कारण वेगळं आहे.

आमच्या अभ्यासवर्गातला एक पोरगा. डिप्लोमा झालेला, उपनगरात नोकरी, नवं लग्न. सात ठिकाणी खोली बघितली, सात ठिकाणी मालकाचं "दुसऱ्याशी बोलणं झालेलं" निघालं. मग त्याने रीतसर गॅझेटमध्ये आडनाव बदललं, गावाच्या नावाला कर लावला. आठव्या ठिकाणी मालकाने कागद बघितले आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही मराठा?" हा म्हणाला, "हो." खोली मिळाली. भिंतीवर फोटो नाही. मंडळात ही गोष्ट कळली तेव्हा पोरं म्हणाली, गद्दार. वाचनालयाच्या समितीतून त्याचं नाव काढा. एकाने तर पंचशीलच काढलं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचा नियम. बावीस प्रतिज्ञांतही तेच आहे, मी खोटे बोलणार नाही. मग हा बौद्ध कसा?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. म्हणून नीट फोड करू.

आडनाव बदलणं हे खोटं नाही, हे आधी मिटवू. बाबासाहेबांचं आडनावसुद्धा आंबडवे गावावरून आलेलं आहे. नाव ही काही मनुस्मृतीने दिलेली इस्टेट नाही की ती सांभाळायची. गॅझेट खरं आहे. खोटं आहे ते "हो". दोन अक्षरंही नाहीत, एकच. त्या एका अक्षराचा विचार करायचा.

आपल्याकडे याला एक शब्द आहे, जात चोरणे. बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाच्या नावातच तो आहे, 'जेव्हा मी जात चोरली होती'. मी या शब्दावर पुष्कळ दिवस अडलो होतो. चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू घेणे. इथे दुसऱ्याचं काय घेतलं? खोलीचं भाडं तो देणार, डिपॉझिट देणार, पोलीस ठाण्यात कागद देणार. मालकाचं जे येणं आहे ते सगळं चुकतं होतंय. जात हे त्याचं येणंच नाही. जो सावकार न दिलेल्या कर्जाची वसुली करायला दारात उभा राहतो, त्याला टाळणाऱ्याला कर्जबुडवा म्हणायचं का? शब्द त्यांच्या बाजूने तयार झालाय. चोरी कुणी केली आणि चोर कुणाला म्हटलं, ते बघा.

पण एवढ्यावर सुटत नाही. शील हे समोरच्याचं देणं म्हणून पाळायचं नसतं. ते आपल्या मनाला वळण लावण्यासाठी असतं. समोरचा नालायक आहे म्हणून माझं मन खोट्याला सरावलं तरी चालेल, असं होत नाही. म्हणून मालकाचा हिशेब मिटला तरी पोराचा स्वतःशी हिशेब उरतो.

बुद्धाला हाच प्रश्न विचारला गेला होता. सुत्तनिपातात सुंदरिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. यज्ञातलं उरलेलं अन्न कुणाला द्यावं म्हणून तो शोधत येतो. डोक्यावरून वस्त्र घेऊन बसलेले बुद्ध दिसतात. ते वस्त्र बाजूला करतात, तर डोकं मुंडलेलं. ब्राह्मण मागे फिरणार, एवढ्यात त्याच्या मनात येतं, काही ब्राह्मणही मुंडण करतात, विचारून तर बघू. म्हणजे बघा, अडीच हजार वर्षांपूर्वी "कोणते जाधव?" तिथे उभं होतं. बुद्धांनी खोटंही सांगितलं नाही आणि शाक्य कुळाचा शिक्काही दाखवला नाही. जन्म विचारू नकोस, वागणूक विचार, अशा अर्थाचं उत्तर दिलं.

उत्तर लाखमोलाचं आहे. पण बुद्धांना भाड्याने खोली नको होती. झाडाखाली बसणाऱ्याला झाड डिपॉझिट मागत नाही. बायको बरोबर आहे, पावसाळा आलाय, दलालाला महिन्याचं भाडं द्यायचंय, अशा माणसाने मालकाला "माझं आचरण विचारा" म्हटलं तर मालक दार लावून घेईल.

ज्याला खोली हवी होती अशाही एका माणसाची गोष्ट आपल्याकडे आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना. तेव्हा ते पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी खोलीसमोर उभे राहिले. बाहेर पडावं लागलं. हिंदू मित्राने, ख्रिस्ती मित्राने अडचण सांगितली. काही तास कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. ज्यांनी वाचनालयातून नाव काढायची भाषा केली त्यांना मी विचारलं, त्या रजिस्टरातल्या नावाबद्दल बाबासाहेबांना कुठल्या समितीतून काढू? कुणी बोललं नाही.

मात्र गोष्टीचा पुढचा भाग सोडून चालणार नाही. बाबासाहेबांनी ते नाव अंगाला चिकटू दिलं नाही. रजिस्टरापुरतं ठेवलं. आणि पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हा सगळा प्रसंग, खोट्या नावासकट, स्वतःच्या हाताने लिहिला. छप्पर मिळवायला नाव झाकलं, पण छप्पर का मिळत नव्हतं ते जगापासून झाकलं नाही. मला यात कसोटी दिसते. झाकलेलं नाव आपण कुठे उघडं करतो? मालकासमोर झाकलं आणि आपल्या माणसांत, आपल्या लेकरांपुढे, आपल्या लिहिण्यात उघडं ठेवलं, तर ते खोटं वेळेपुरतं राहतं. १४ एप्रिलला ताप आला म्हणून घरी बसणं, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेकडे बघून शेजाऱ्याबरोबर "किती घाण करतात" म्हणणं, गावाकडून आलेल्या आईला "जय भीम हळू म्हण" सांगणं, इथे खोलीचा प्रश्न संपला आणि दुसरं काहीतरी सुरू झालं. त्याला मी सोडणार नाही. आमचा पोरगा अजून दर रविवारी अभ्यासवर्गाला येतो. उलट प्रवासाचे दोन तास मोडून येतो.

अंगुत्तरनिकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितलेत. काहींना सरळ उत्तर द्यायचं, काहींची फोड करून द्यायचं, काहींना उलट प्रश्न करायचा, आणि काही बाजूला ठेवून द्यायचे. आपल्याला हे शहरात रोज वापरता येईल. जातीचा दाखला काढताना सरळ उत्तर; १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळाली ती भांडून मिळाली आहे, तिथे लाजायचं काय. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने जनगणनेत जात मोजायचं ठरवलं, तिथेही सरळ. हक्काचा वाटा द्यायला विचारतात तेव्हा मोठ्याने सांगायचं. मनापासून समजून घेणाऱ्या मित्राला फोड करून. लोकलमधल्या चौकशीबहाद्दराला उलट प्रश्न, "का हो, मुलगी द्यायचीय का?" आणि दार लावायला टपलेल्या मालकाचा प्रश्न ठेवून द्यायचा. "आमच्यात पगार पाच तारखेला होतो, भाडं सहाला मिळेल," एवढंच. "हो" म्हणायची वेळ येऊ नये म्हणून जेवढं करता येईल तेवढं करायचं. आणि आलीच वेळ, तर त्याचा गुन्हा विचारणाऱ्याच्या खात्यावर मांडायचा.

आता मंडळाच्या पोरांना एक विचारतो. तुम्ही राहता बापाच्या खोलीत, आपल्याच वस्तीत. जिन्यात अशोकचक्र, नाक्यावर पुतळा. तिथे खरं बोलायला काय पडतं? ज्याला खरं बोलायचा खर्च शून्य, त्याने दुसऱ्याच्या खर्चाचा हिशेब मागू नये. त्याला एकट्याला आठ दारं फिरायला लावलं कुणी? आपण एकदा तरी त्याच्याबरोबर गेलो होतो का?

१९५५ च्या कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणाने राहती जागा घेण्यास अडवणं हा गुन्हा आहे. पण मालक तोंडातून जात काढत नाही, दलालाकडून काढून घेतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात, सहकारी गृहनिर्माण संस्थेला आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं असं मान्य केलं. अशा वेळी पुराव्याशिवाय नुसता संताप कामाचा नाही. म्हणून माझी सूचना अशी : वाचनालयाच्या समितीतून नाव काढण्याऐवजी वाचनालयात एक वही ठेवा. कुणाला कुठे खोली नाकारली, तारीख, ठिकाण, दलाल आणि मालक काय शब्द बोलले, सगळं त्याच दिवशी लिहायचं. खोली बघायला जाणाऱ्याबरोबर दोघांनी जायचं, साक्षीला. आणि ती वही सांभाळायचं काम त्या पोराला द्या. आठ पानं तो एका बैठकीत भरील.

आणखी एक. आपल्यातही आता चार जणांनी फ्लॅट घेतलेत, भाड्याने देतात. त्यातला एक परवा दलालाला सांगत होता, "आपल्यातलाच बघा, पण मातंग-बितंग नको." दलाल हसला आणि समोरच्या भाडेकरूला विचारायला लागला, "कोणते कांबळे?" ही नोंदही त्याच वहीत व्हायला पाहिजे.

जय भीम.