दंडाची पावती आणि नोकरीचा अर्ज

पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा सोळाशे मीटरची वेळ, गोळाफेकीचं अंतर आणि लेखी परीक्षेचे गुण यांचा हिशेब महिनोन्‌महिने मांडत असतो. निवड यादीत नाव लागल्यावर हातात पडणाऱ्या साक्षांकन नमुन्याची तयारी मात्र कुठलीच अकादमी करून घेत नाही. त्यात एक ऐसपैस प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक, तुमच्यावर कधी गुन्हा, खटला, दंड? बांधाच्या भांडणात फिर्यादीने घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं घातली आणि कॉलेजात शिकणारा धाकटाही त्यात आला, विसर्जन मिरवणुकीत धक्काबुक्की झाली, रास्ता रोकोत उचलून संध्याकाळी सोडून दिलं. या सगळ्याला रकाना एकच.

अनेक जण तिथे ‘नाही’ लिहितात. दर वेळी लबाडीनेच असं नाही. प्रकरण गावात बसून मिटलेलं असतं, वकील ‘आता काही राहिलं नाही’ म्हणालेला असतो, घरचे सांगतात, कशाला उगाच लिहितोस? मग कागद स्थानिक ठाण्यात जातो, रजिस्टरात नाव सापडतं आणि नोकरी जाते. मारामारीमुळे नव्हे, उत्तरामुळे.

सर्वोच्च न्यायालयाचा सूरही एके काळी कडक होता. केंद्रीय विद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून लागलेल्या एका तरुणाने प्रलंबित खटल्याची माहिती दिली नव्हती. फॉर्म इंग्रजीत, आपलं शिक्षण हिंदी माध्यमातलं, प्रश्न कळलाच नाही, हा त्याचा बचाव. पुढे सरकारने तो खटला मागेही घेतला. २००३ मध्ये न्यायालयाने यातलं काहीच मानलं नाही. पदवीधराला प्रश्न कळला नाही हे पटत नाही, आणि खटला मागे घेतल्याने लपवाछपवी पुसली जात नाही, असा निकाल आला.

आठ वर्षांनी वारं फिरलं. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होण्यासाठी १९९९ मध्ये अर्ज केलेल्या उमेदवाराने तडजोडीने मिटलेलं मारामारीचं प्रकरण अर्जात दडवलं होतं. नंतर साक्षांकन नमुन्यात मात्र स्वतःच लिहिलं. २०११ मध्ये न्या. मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने दिल्ली पोलिसांचं अपील फेटाळलं. विशीतल्या चुकीकडे जरा नरमाईने पाहावं, असं सांगताना त्यांना ‘ले मिझराब्ल’मधला, पाव चोरल्यामुळे जन्मभराचा चोर ठरलेला ज्याँ व्हालज्याँ आठवला. न्यायालयाचं मन मोठं होतं, पण अर्जापासून निकालापर्यंत बारा वर्षं गेली होती.

या उलटसुलट निकालांचा मेळ २०१६ मध्ये ‘अवतार सिंग’ खटल्यात तीन न्यायमूर्तींनी घातला. तरुणपणी घोषणा देण्यासारखं किरकोळ प्रकरण दडवलं असेल तर नियोक्त्याने ते सोडून द्यायला हरकत नाही, पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही. त्याच निकालातला एक मुद्दा कमी चर्चिला गेला. फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा, मोघम नको. जे नेमकेपणाने विचारलंच नाही, ते लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. कार्यालयांनी हे मनावर घेतलं असतं तर निम्मे वाद फॉर्म छापतानाच संपले असते. अशाच वादात उत्तर प्रदेशातल्या एका पोलीस शिपायाची २००५ मध्ये रद्द झालेली निवड सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. पडताळणीत त्याच्या चारित्र्याबद्दल चांगलंच लिहून आलं होतं, हे विशेष.

खरी मेख मात्र तालुक्याच्या कोर्टात असते. किरकोळ खटल्यात तारखा नकोत म्हणून ‘गुन्हा कबूल’ म्हणायचं, दंड भरायचा, पावती खिशात घालून घरी यायचं. घरच्यांच्या लेखी विषय संपला. कायद्याच्या लेखी ती दोषसिद्धी असते. तेच प्रकरण कायद्यात बसेल तिथे रीतसर आपसात मिटवलं, तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखा धरला जातो. परिवीक्षा कायदा, १९५८ खाली समज देऊन किंवा बंधपत्रावर सोडलं, तर कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पाचशे रुपयांचा दंड भरणाऱ्याला हे तीन रस्ते वेगळे आहेत, हे त्या घाईत कोण सांगणार?

त्या पावतीची किंमत वॉचमनच्या नोकरीत दिसते. खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात, न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक म्हणून नेमू नये, असं सरळ लिहिलं आहे. गुन्हा कोणता, शिक्षा किती, होऊन किती वर्षं झाली, याची मोजपट्टीच नाही. आता लोकप्रतिनिधित्व कायदा पाहावा. काही ठरावीक गुन्हे वगळले तर अपात्रता येते ती किमान दोन वर्षांची शिक्षा झाल्यावर, आणि सुटकेनंतर सहा वर्षांनी तीही संपते. म्हणजे सोसायटीचं फाटक सांभाळायला जे चारित्र्य लागतं, ते विधानसभेत बसायला लागत नाही!

खासगी कंपन्यांची गोष्ट थोडक्यात. तिथे पोलीस पडताळणीच्या जोडीला न्यायालयांच्या संकेतस्थळांवर नावाने शोध घेतला जातो, आणि एकाच नावाची दोन माणसं असली की निरपराधालाच खुलासे देत बसावं लागतं.

ब्रिटनने १९७४ मध्येच यावर कायदा केला. ठरावीक काळ गेला की जुनी शिक्षा ‘सरलेली’ धरतात. इंग्लंड-वेल्समध्ये प्रौढाला झालेला दंड वर्षभरात सरतो. शाळा, रुग्णालयं अशा ठिकाणच्या नोकऱ्यांना अपवाद आहेत. बाकीकडे माणूस ‘नाही’ लिहू शकतो आणि ते खोटं ठरत नाही. आपल्याकडे असं संरक्षण बाल न्याय कायद्याने अल्पवयीनांना दिलं आहे. अठरा वर्षं आणि एक दिवसाच्या मुलाला ते नाही. किरकोळ दंडाला मुदत घालणारा कायदा आपल्याकडेही व्हायला हवा, आणि तोवर निदान फॉर्मवरचा प्रश्न तरी फोडून विचारावा: अटक वेगळी, प्रलंबित खटला वेगळा, शिक्षा वेगळी.

२०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने टाळेबंदीच्या नियमभंगाबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर दाखल झालेले गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं. निर्णय चांगलाच होता. पण ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असं विचारणाऱ्या रकान्यात त्या मुलांना आजही ‘होय’ लिहावं लागतं, आणि सोबत खटला मागे घेतल्याच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल जोडावी लागते. ती मिळते न्यायालयाच्या नक्कल विभागात, रीतसर अर्ज करून.