रोजचे एक चित्र



गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी आम्ही एक नेम केला. सकाळच्या मिस्साबलिदानानंतर वीस मिनिटे धर्मगुरुनिवासामागच्या बावखलापाशी बसायचे आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात त्याचे चित्र काढायचे. रंगपेटी पुतण्याने दिलेली, दोन वर्षे कपाटात पडून होती. सेमिनरी सोडल्यापासून हातात कुंचला धरला नव्हता.

पहिले चार दिवस मौज वाटली. पाचव्या दिवसापासून कंटाळा. तेच पाणी, त्याच माडाच्या झावळ्या, आणि चित्र कालच्यापेक्षा वाईट! जलरंगात एक अडचण अशी की पांढरा रंग वापरायचा नसतो. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडावा लागतो. एकदा रंग लागला की तो उजेड परत मिळत नाही. चूक झाकायला आम्ही रंगावर रंग चढवत गेलो आणि कागदाचा चिखल झाला.

बाराव्या दिवशी की तेराव्या, एक गोष्ट ध्यानात आली. पाणी आम्ही रोज हिरवे रंगवत होतो, कारण बावखलाचे पाणी हिरवे असते हे आम्हाला ‘माहीत’ होते. त्या दिवशी नीट पाहिले. पाण्यात आकाश होते, माडांची काळसर सावली होती, हिरवे फक्त शेवाळाच्या कोपऱ्यात होते. बारा दिवस आम्ही समोरचे बावखल काढलेच नव्हते, डोक्यातले काढत होतो. सद्गुण रोजच्या कृतीने अंगी येतो, घर बांधता बांधता माणूस गवंडी होतो, हा ॲरिस्टॉटलचा विचार आम्ही तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. तो कळायला शेवाळ लागले.

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ पत्नीच्या निधनानंतर आम्हाला म्हणाले, “फादर, प्रार्थनेत मन लागत नाही. म्हणून सोडून दिली.” (हे पापनिवेदनात नव्हे, चर्चच्या आवारात बोलणे झाले. त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत.) आम्ही तेव्हा ठरावीक उत्तर दिले : श्रद्धा ठेवा, प्रभू सांत्वन करील. ते मान हलवून निघून गेले. खरे म्हणजे त्या दिवसांत आमची स्वतःची प्रार्थनाही पाने उलटण्यापुरतीच उरली होती. त्यांना आम्ही पाहिलेच नव्हते. ‘दुःखी विधुर’ एवढेच डोक्यात होते, आणि त्याला जे सांगतात ते सांगितले.

निर्गमाच्या पुस्तकात अरण्यातील मान्नाची हकीकत आहे. इस्राएली लोकांनी रोज सकाळी त्या दिवसापुरताच मान्ना गोळा करायचा. शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. एरवी उद्यासाठी साठवलेल्या मान्नात किडे पडले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजची. आम्ही मात्र वर्षातून एकदा तीन दिवसांची तपसाधना करतो आणि ती वर्षभर पुरावी अशी अपेक्षा धरतो!

ईस्टरनंतर आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो, सगळी चित्रे पाकिटात घालून. त्यांनी एकेक पाहिले. “यातली बरी किती, फादर?” “दोन. फार तर तीन.” ते हसले. बऱ्याच दिवसांनी, असे त्यांची सून म्हणाली. मग आम्ही विचारले, बाई जपमाळ कधी म्हणायच्या? संध्याकाळी सातला. “तर सातला तिथेच बसा. मन लागण्याची वाट पाहू नका.” “आणि काही वाटलेच नाही तर?” याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाकिटाकडे बोट दाखवले.

परवा मिस्सानंतर त्यांना विचारले. म्हणाले, “अजून मन लागत नाही, फादर. पण सात वाजले की बसतो. काल धाकटा नातू येऊन शेजारी बसला. त्याला अर्धी ‘नमो मारिया’ येते.”

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू