ऋण आणि मूठभर तांदूळ

पाहुण्यानें यजमानांच्या आचारांविषयीं मत द्यावें काय, आणि द्यावयाचें तर कोणत्या अधिकारानें? हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून पडला नाहीं. कोलकात्यास एका लग्नघरीं पडला. गेल्या माघांत तेथील आमच्या एका प्राध्यापकमित्राच्या कन्येच्या विवाहास आम्ही सहकुटुंब गेलों होतों. मित्राच्या वृद्ध मातोश्रींनीं हसत हसत आम्हांस 'बर्गी' अशीच हांक मारली. १७४० नंतरच्या दशकांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनीं बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्यांची धास्ती तेथील अंगाईगीतांत आजहि टिकून आहे. त्याच घरीं आम्हांस पहिल्या पंक्तीला बसवून, अगत्यानें वाढलें गेलें.

लग्नसोहळा डोळे निववील असाच होता. वराच्या मस्तकावर शोल्याच्या शुभ्र गाभ्याचा टोपर. वधू पाटावर बसलेली आणि तो पाट उचलून भाऊ तिला वराभोवतीं सात वेळां फिरवीत होते. तिनें विड्याच्या पानांनीं मुख झांकून घेतलें होतें. तीं पानें दूर होऊन शुभदृष्टि झाली, तेव्हां शंखनाद आणि स्त्रियांचा उलुध्वनि यांनीं मांडव भरून गेला. आम्हांस आमचा अंतरपाट आठवला.

दुसरे दिवशीं पाठवणीच्या वेळीं कनकांजलीचा विधि झाला. निघालेल्या मुलीनें मागें वळून न पाहतां मूठभर तांदूळ डोक्यावरून मागें टाकावयाचे, आईनें ते पदरांत झेलावयाचे, आणि मुलीनें 'तुमचें ऋण फेडलें' असें म्हणावयाचें, अशी ती चाल. मुलीचे ओठ हललेले आम्हांस दिसले. शब्द ऐकूं आले नाहींत. कांहीं दाणे पदराबाहेर सांडले. गाडी निघून गेल्यावर आई खालीं बसून ते एक एक वेंचीत होती.

आम्हांस संताप आला. आईचें ऋण मूठभर तांदुळांनीं फिटलें, असें मुलीच्याच तोंडून वदविणें हें क्रौर्य नव्हे तर काय? आमच्या मुद्रेवरून तें ओळखून यजमानांचे एक आप्त म्हणाले, "आपण उलटा अर्थ घेतां. मुलीनें ओझें घेऊन जाऊं नये, म्हणून आईच हिशेब मिटवून तिला मोकळी करते."

हा अर्थ कोमल आहे, आणि तो सांगणाऱ्याच्या सद्भावाविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु कसोटीला तो उतरत नाहीं. ऋणमुक्ति ही जर मायेची देणगी असेल, तर ती मुलाला कां मिळूं नये? मुलाच्या वांट्याला वेगळेंच वाक्य आहे: लग्नास निघतांना 'तुझ्यासाठीं दासी आणावयास जातों' असें त्यानें आईस सांगावें, अशी तिकडील जुनी चाल आहे. एकाचें नातें कायम राहतें आणि दुसरीचा हिशेब बंद होतो. शास्त्राचाहि याला आधार दिसत नाहीं. तैत्तिरीय संहितेंत तीन ऋणें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं पितरांचें ऋण प्रजेच्या द्वारें फिटतें. म्हणजे तें मागें परत करावयाचें नसतें. पुढच्या पिढीस द्यावयाचें असतें. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदु वारसा कायदाहि कन्येस जन्मतःच पुत्राप्रमाणें सहदायाद मानतो.

येथवर तर्क बिनचूक चालला. पण त्याच वाटेनें तो आमच्या घरीं येऊन थांबला. मिलचा १८६९ सालचा स्त्रियांच्या पराधीनतेवरील निबंध आम्हीं अनेक वर्षें वर्गांत शिकविला आहे, आणि तरीहि आमच्या कन्येच्या विवाहांत हातावर उदक सोडून तिचें दान केलें आहे. झालीच्या वेळीं तिला सासरच्या मंडळींच्या स्वाधीन करतांना आमचे डोळे भरून आले. परंतु ती काय वस्तु होती, कीं आम्हीं द्यावी आणि त्यांनीं घ्यावी, हा प्रश्न तेव्हां मनांत आला नाहीं. दुसऱ्याचा आचार आपल्याला उघडा दिसतो. आपल्या आचारावर संवयीचें वस्त्र असतें.

मग पाहुण्यानें गप्प बसावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. अन्यायाला प्रांताची सीमा नसते. खुद्द कोलकात्यांत कांहीं विदुषी स्त्रिया पौरोहित्य करतात आणि कन्यादान व कनकांजलि हे दोन्ही विधि गाळतात. पुण्यासहि स्त्रिया पौरोहित्य करतातच. मत अवश्य द्यावें. मात्र त्याचा पहिला अंमल स्वतःच्या घरीं करावा, एवढीच अट.

आणि ऋणाविषयीं म्हणाल, तर कांहीं ऋणें फिटत नाहींत. तीं मान्य करावयाचीं असतात. बर्गींच्या वंशजास ज्या वृद्धेनें पोटभर जेवूं घातलें, तिचें देणें आम्ही कोणत्या मुठीनें फेडणार? घरीं परतल्यावर आम्हीं आमच्या कन्येस पत्र लिहिलें. त्यांत प्रवासाची हकीकत थोडी होती. तुझें दान करण्याचा आम्हांस अधिकार नव्हता, हें वाक्य मात्र आम्हीं दोनदां खोडून तिसऱ्यांदा लिहिलें, आणि तसेंच राहूं दिलें.